११२ गुण करून हरलेली नेब्रास्का: पेन स्टेटविरुद्धची उपांत्य लढत, २०२४

आडवा_ब्लॉक

आधी स्कोअर, म्हणजे ज्यांनी सामना पाहिला नाही तेही चर्चेत येतील. अमेरिकेतल्या कॉलेज महिला व्हॉलीबॉलची (एनसीएए, डिव्हिजन वन) उपांत्य फेरी, १९ डिसेंबर २०२४, लुईव्हिलचं केएफसी यम सेंटर. पेन स्टेट वि. नेब्रास्का: २३-२५, १८-२५, २५-२३, २८-२६, १५-१३. पेन स्टेट ३-२ ने जिंकली, ०-२ वरून.

आता बेरीज करा. पाच सेटमध्ये नेब्रास्काचे ११२ गुण होतात, पेन स्टेटचे १०९. जास्त गुण केलेला संघ घरी गेला. पेन स्टेटने जिंकलेले तिन्ही सेट दोन-दोन गुणांनी जिंकले, त्याहून कमी फरकाने सेट जिंकताच येत नाही. नेब्रास्काने दुसरा सेट सात गुणांनी घेतला आणि ती सात गुणांची आघाडी पुढे कुठेही वटली नाही.

चौथ्या सेटमध्ये नेब्रास्का २२-१६ पुढे होती. सामना संपायला तीन गुण बाकी. तिथून पेन स्टेटने बारा गुण केले, नेब्रास्काने चार. मधे दोन मॅच पॉइंट वाचवले.

जिथे जावं तिथे "नेब्रास्काने हातातोंडाशी आलेला घास घालवला" हेच वाचतोय. मला ते पटत नाही. घालवला म्हणायला समोरचा संघ नुसता उभा असायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

लाल_जर्सी

घालवलाच. मी नेब्रास्कावाला आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. २२-१६ वरून तीन गुण मिळत नसतील तर त्याला दुसरं नाव नाही. प्रतिस्पर्ध्याला श्रेय द्या, पण आमच्या गळ्यात सांत्वनाची माळ घालू नका.

गणिताचा_तास

२२-१६ चा हिशेब मांडून बघितला. समजा प्रत्येक रॅली नाणेफेकीसारखी, पन्नास-पन्नास. पेन स्टेटला नऊ हवेत, त्यातही नेब्रास्काचे तीन व्हायच्या आत, आणि २४-२४ झालं तर पुढचं पुन्हा निम्मं-निम्मं. असं धरलं तर सेट फिरण्याची शक्यता ३.३ टक्क्यांच्या आसपास निघते. वर पाचवा सेटही जिंकायचा, म्हणजे सामन्याची शक्यता दीड टक्क्याहून थोडी जास्त.

खरं तर त्याहूनही कमी. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्ह करणं हा तोटा आहे, कारण पहिला हल्ला समोरच्यांचा असतो. या पातळीवर सर्व्ह घेणारा संघ निम्म्याहून जास्त वेळा गुण घेतो. पिछाडीवरचा संघ गुण मिळवला की सर्व्हला जातो, म्हणजे लगेच पुन्हा तोट्याच्या बाजूला. ओळीने गुण घ्यायचे तर दर वेळी हा तोटा पचवायचा.

सहज_डोकावलो

बाळबोध प्रश्न: मग सर्व्ह नुसती सोपी करून जाळीपार टाकायची नाही का? चूक तरी होणार नाही.

बॅकरो_बाई

@सहज_डोकावलो, सोपी टाकली की पास थेट सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणारीच्या, डोक्यावर जातो. मग तिच्याकडे तीन-चार पर्याय: डावीकडे उंच चेंडू, मधल्या खेळाडूला झटपट, उजवीकडे, शिवाय मागच्या रांगेतून. ब्लॉकरने कुणाकडे धावायचं? म्हणून सर्व्हचा खरा हेतू एस (सर्व्हवर थेट गुण) मिळवणं हा नसतो, पास बिघडवणं हा असतो. चेंडूला फिरकी न देता तळहाताच्या टाचेने सपाट मारायचा, म्हणजे तो हवेत डुलतो. आणि मारायचा दोन पासरच्या मधे. "तुझा की माझा" यात अर्धा सेकंद गेला तरी पुरतं. पास नेटपासून तीन-चार मीटर मागे पडला की मधली खेळाडू हल्ल्यातून बाद. उरतो एकच रस्ता, बाजूला उंच चेंडू, आणि तो कुठे जाणार हे स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं.

सहा गुणांची पिछाडी भरायची तर हेच ओळीने करावं लागतं. "नेब्रास्का घाबरली" असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या टप्प्यातले त्यांचे पास बघावेत.

लाल_जर्सी

@बॅकरो_बाई, आमच्याकडे लेक्सी रॉड्रिगेझ आहे. देशातली सर्वोत्तम लिबेरो, म्हणजे मागच्या रांगेतली खास बचावपटू. पासिंगवर बोट ठेवण्याआधी जरा विचार करा.

बॅकरो_बाई

रॉड्रिगेझवर बोट ठेवलेलं नाही हो. तिच्याकडे सर्व्ह टाकायची नाही, एवढी अक्कल प्रत्येक संघाला असते. पासिंगला तिघी उभ्या असतात, उरलेल्या दोघींपैकी एकीला शोधायचं आणि तिच्या खांद्याच्या बाहेर टाकायचं. लिबेरो कितीही चांगली असली तरी नऊ मीटर रुंद कोर्ट एकटी झाकू शकत नाही.

लेफ्ट_पिन

पासिंग, सर्व्हिस सगळं खरं, पण सामन्याचं नाव जेस म्रुझिक आहे. २६ किल, म्हणजे थेट गुण देणारे २६ फटके. मिशिगनमधून आलेली, शेवटचं वर्ष, आणि पास बिघडल्यावर जो उंच चेंडू बाजूला जातो तो मारणं हेच तिचं काम.

हे काम किती अवघड आहे ते टीव्हीवर कळत नाही. सेट मागून येतो, म्हणजे चेंडू खांद्याच्या पाठीमागून डोळ्यांत यायला लागतो. समोर दोन ब्लॉकर आधीच येऊन उभ्या, हात जाळीपलीकडे घातलेले. सरळ मारला तर ब्लॉक, फार टाळला तर बाहेर. मग अनुभवी स्मॅशर काय करते? ब्लॉकच्या बाहेरच्या हाताची वरची बोटं हेरून मारते. चेंडू बोटांना लागून प्रेक्षकांत जातो. देखणा नसतो हा गुण, हायलाइट्समध्ये दिसत नाही. पण २४-२४ ला संघाला असाच गुण देणारी खेळाडू लागते. नेब्रास्काकडे हार्पर मरे, अँडी जॅक्सन, मेरिट बीसन, लँडफेअर अशी चौफेर फळी होती. संतुलित हल्ला वर्षभर छान दिसतो. अडचणीत मात्र सेटरला डोळे मिटून चेंडू देता येईल अशी एकच जण हवी असते.

आडवा_ब्लॉक

@लेफ्ट_पिन, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. नेब्रास्का त्याच संतुलनावर ३३ सामने जिंकली. एकीवर अवलंबून राहिलेले संघ याच फेरीत दरवर्षी हरतात, फक्त त्यांच्यावर धागे निघत नाहीत.

मला जास्त कौतुक इझी स्टार्कचं वाटतं. पहिल्या वर्षाची सेटर, ०-२ मागे, आणि तरी तिने सगळे चेंडू म्रुझिककडे ढकलले नाहीत. कॅम्रिन हॅनाला खेळात ठेवलं, मधल्या मुलींना झटपट चेंडू देत राहिली. मधल्या फळीवर चेंडू जातोय हे दिसत राहिलं की समोरची मधली ब्लॉकर क्षणभर जागेवर अडकते, आणि म्रुझिकसमोर दोनऐवजी दीड ब्लॉक उभा राहतो. ते अर्धं माणूस स्टार्कने मिळवलेलं. किलच्या रकान्यात तिचं नाव येत नाही.

सहज_डोकावलो

स्टार्कच्या एक-दोन सेटना चेंडू दोन्ही हातांत पुढे-मागे लागला असं वाटलं. डबल (दुहेरी स्पर्शाचा दोष) दिलं नाही?

पंच_काका

२०२४ पासून कॉलेज महिला व्हॉलीबॉलमध्ये दुसऱ्या टचला डबल दिलं जात नाही, चेंडू त्याच बाजूला सहकाऱ्याकडे राहिला तर. जाळीपार गेला तर दोष. माझ्यासारख्या जुन्या लोकांना हा नियम घशाखाली उतरत नाही. चेंडू हातातून गरगर फिरत निघाला की शिट्टी तोंडाशी जायची, इतकी वर्षं तीच सवय. पण फायदाही आहे. पूर्वी वेडावाकडा पास आला की सेटर हातांची भीती बाळगून फोरआर्मने उचलायची, रॅली तिथेच मरायची. आता धावत जाऊन वरून हाताने सेट करतात. या सामन्यातल्या लांबच लांब रॅलींना तो नियमही थोडा जबाबदार आहे.

हाताशी आहे तर आणखी दोन फरक सांगतो, कारण आंतरराष्ट्रीय सामने बघणारे इथे गोंधळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात सेटमागे बदल सहा, इथे पंधरा. तिथे लिबेरोला सर्व्हिस नाही, इथे एका रोटेशनमध्ये आहे. म्हणून फक्त सर्व्हसाठी एखादी मुलगी आत येते, चार सर्व्ह मारून बाहेर जाते. पिछाडी भरून काढायला हे हत्यार फार कामाचं.

गणिताचा_तास

आणि टाइमआउट सेटला दोनच. सर्व्हवर ओळीने गुण जायला लागले की कोच दोन्ही वापरून बसतो. नंतर हात बांधून बघत राहायचं.

लाल_जर्सी

बघत राहायचं, अगदी. मी तेच केलं.

सकाळची_शिफ्ट

सगळे सर्व्ह आणि सेटवर बोलताय, कुणी पेन स्टेटची कोच केटी शुमाकर-कॉली हिचं नावही काढलं नाही! स्टेज दोनचा स्तनांचा कर्करोग, ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं, केमोथेरपी चालू असताना पूर्ण मोसम बाकावर उभी. ०-२ मागे असताना त्या बाकाकडे बघून मुलींना काय वाटलं असेल?

लेफ्ट_पिन

मुद्दाम काढलं नाही. समालोचनात दर दहा मिनिटांनी तेच. बाईंनी स्वतः मोसमभर लक्ष संघाकडे राहील असं बघितलं आणि आपण त्यांच्या आजाराला रणनीती बनवतोय. २८-२६ सहानुभूतीने होत नाही.

सकाळची_शिफ्ट

रणनीती कोण म्हणतंय? पण संघ म्हणजे सहा पुतळे नाहीत. १९९९ मध्ये याच पेन स्टेटला पहिलं विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात ती खेळली. रस रोझ १९७९ पासून २०२१ पर्यंत तिथे कोच होते, सात विजेतेपदं. त्यांच्या जागी येऊन उभं राहणं हीच मोठी गोष्ट. तिला माणूस म्हणून बाजूला ठेवून तुम्ही तिच्या संघाचं विश्लेषण करायला बसलात, ते अर्धवटच होणार.

आडवा_ब्लॉक

दोघांचंही वाचलं. माझा कल @लेफ्ट_पिन यांच्याकडे, एका कारणासाठी. कोच म्हणून तिचं काम या सामन्यात पुरेसं दिसतं, आजाराचा उल्लेख न करताही. दोन सेट हरल्यावर संघ मोडतोड करतो, नवीन सहा उतरवतो, कुणाला तरी ओरडतो. पेन स्टेट शांत राहिली. २२-१६ लाही त्यांच्या देहबोलीत घाई नव्हती. ते शिकवावं लागतं.

पंच_काका

या दोन संघांचा इतिहास ठाऊक असेल तर "अशक्य" वगैरे शब्द वापरले जाणार नाहीत. २००८ ची उपांत्य फेरी, ओमाहा, म्हणजे नेब्रास्काचं अंगण. पेन स्टेटने तोवर मोसमात एकही सेट गमावला नव्हता. २-० पुढे. नेब्रास्काने पुढचे दोन्ही सेट घेतले, प्रेक्षक छत उडवतात की काय असं. पाचवा पेन स्टेटने घेतला, विजेतेपदही घेतलं, ३८-०. पूर्ण मोसमात हरलेले सेट दोन, दोन्ही त्याच रात्रीचे. तेव्हाची त्यांची विजयांची मालिका १०९ सामन्यांवर जाऊन थांबली, २०१० मध्ये.

मग २०१७, कॅन्सस सिटी. पुन्हा उपांत्य, पुन्हा पाच सेट. त्या वेळी चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट पेन स्टेटकडे होते. नेब्रास्काने ते वाचवले, पाचवा घेतला आणि फ्लोरिडाला हरवून विजेतेपद. त्यामुळे @लाल_जर्सी, फार रडू नका, सात वर्षांपूर्वीची उसनवारी फिटली.

लाल_जर्सी

काका, २०१७ चं मला पाठ आहे. तेव्हा आम्ही त्याला "झुंज" म्हणत होतो. 😐

गणिताचा_तास

या सामन्यात पेन स्टेटचे एकूण गुण १०९, मालिका १०९. निव्वळ योगायोग आहे, पण नोंदवल्याशिवाय राहवेना.

बॅकरो_बाई

एक गोष्ट राहिली. २९ नोव्हेंबरला पेन स्टेटने आपल्या घरच्या कोर्टवर नेब्रास्काला ३-१ ने हरवलं होतं, त्यामुळे बिग टेनचं (दोघं ज्या गटात खेळतात त्याचं) जेतेपद दोघांत वाटलं गेलं. वीस दिवसांत पुन्हा तीच गाठ. म्हणजे ०-२ ला पेन स्टेटच्या मुलींना "यांना आपण हरवू शकतो" हे कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. शिवाय त्यांच्या बाजूला मॅगी मेंडेलसन होती, जी आधी नेब्रास्काकडूनच खेळलेली. ओळखीच्या घरातले जिने ठाऊक असतात.

मला वाटतं सामना चौथ्यात फिरला हे म्हणणं सोयीचं आहे. तिसरा सेट २५-२३. तिथे दोन रॅली इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर ३-० आणि कुणीही काही लिहिलं नसतं. दुसऱ्या सेटमध्ये १८ वर गुंडाळला गेलेला संघ तिसऱ्यात २३-२३ च्या आसपास टिकून राहतो, ते जास्त महत्त्वाचं. चौथ्याच्या वेळी त्यांना शेवट जवळच्या फरकाने जिंकायची ताजी सवय होती. नेब्रास्काने पहिला सेट तसा जिंकला, पण मधे एक सोपा सेट गेला आणि ती सवय मोडली असं मला दिसतं.

आडवा_ब्लॉक

हे पटलं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तिसऱ्या सेटला जागाच नव्हती, सगळी चर्चा २२-१६ वर अडकली.

लाल_जर्सी

मला अजूनही वाटतं २२-१६ वर अडकणंच योग्य आहे. सोप्या सेटने सवय मोडते, हे मोसमात ३३ सामने जिंकणाऱ्या संघाला लागू पडत नाही. त्यांनी त्यांतले बरेच सेट सोपेच जिंकले होते.

बॅकरो_बाई

तोच तर मुद्दा आहे हो.

सकाळची_शिफ्ट

फायनल झाली! पेन स्टेट ३-१ लुईव्हिल: २५-२३, ३२-३४, २५-२०, २५-१७. आठवं विजेतेपद. डिव्हिजन वनच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये विजेतेपद मिळवणारी पहिली महिला हेड कोच शुमाकर-कॉली. समोरच्या बाकावरची लुईव्हिलची कोचही बाईच, डॅनी बुसबूम केली (Kelly), त्यामुळे निकाल काहीही लागला असता तरी पहिली महिलाच असणार होती. १९८१ पासून ही स्पर्धा आहे म्हणे आणि २०२४ उजाडावं लागलं! २१,८६० प्रेक्षक, स्पर्धेचा विक्रम.

लेफ्ट_पिन

म्रुझिक २९ किल. मी फक्त एवढंच म्हणून निघतो.

पंच_काका

लुईव्हिलची ॲना डिबीर पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जखमी झाली आणि फायनल खेळू शकली नाही. ती असती तर ३२-३४ सारखा आणखी एखादा सेट बघायला मिळाला असता. निकाल बदलला असता असं मात्र म्हणणार नाही. गुरुवारचे पाच सेट अंगावर घेऊन रविवारी चार सेट असे खेळणं, पाय कुठून आणतात या मुली.

गणिताचा_तास

फायनलची बेरीज: १०७-९४. इथे तरी जास्त गुणवाला जिंकला.

आडवा_ब्लॉक

जानेवारी संपत आला तरी धागा वर काढतोय, कारण बातमी तशी आहे. जॉन कुक निवृत्त. २००० पासून नेब्रास्काचे कोच, चार विजेतेपदं. म्हणजे आपण ज्या सामन्यावर इतकं भांडलो तो त्यांचा बाकावरचा शेवटचा सामना ठरला. आणि त्यांच्या जागी लुईव्हिलची डॅनी बुसबूम केली.

सहज_डोकावलो

म्हणजे पेन स्टेटकडून गुरुवारी हरलेल्या संघाने पेन स्टेटकडून रविवारी हरलेल्या कोचला आणलं?

लाल_जर्सी

असं मांडलं की फारच वाईट दिसतं. ती आमचीच आहे, २००६ च्या विजेत्या संघातली. नंतर कुकच्या हाताखाली सहायकही होती. लुईव्हिलला दोनदा फायनलमध्ये नेलं. मला निवड आवडली.

बॅकरो_बाई

बर्गन रायली, मरे, जॅक्सन या तिघी तिसऱ्या वर्षात परत येणार, सेटर आणि हल्ला दोन्ही तयार. प्रश्न मागच्या रांगेचा आहे. रॉड्रिगेझ गेली. ती जागा सहा महिन्यांत भरत नाही.

लाल_जर्सी

नवीन कोच २००६ ला कुठल्या जागी खेळली होती ते बघा. आधीची सेटर, शेवटच्या वर्षी लिबेरो.